बाळंतिणीचा सव्वा महिना आणि हजेरीपट



मे महिन्यात मोहर्लीच्या आसपासच्या जंगलात पहाटे गेलं, की तेंदूच्या झुडपांत वाकलेल्या बाया दिसतात. ऊन चढायच्या आत पानं तोडायची, डोक्यावर गाठोडं घेऊन घरी यायचं, दुपारभर ओसरीत बसून पुडकी बांधायची आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यायची. हा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. एक दिवस घरी राहिलं तर तेवढी रोजी पडते. त्यामुळे जिचं लेकरू तीन-चार महिन्यांचं आहे, तीही निघते. लेकरू सासूजवळ किंवा दहा वर्षांच्या पोरीजवळ ठेवते. तेही नसलं तर सोबत नेते आणि झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात निजवते. आपल्याकडच्या जंगलात झोळीत लेकरू ठेवून पानं तोडायची म्हणजे एक डोळा पानावर, एक झोळीवर आणि कान मात्र रानाकडे. चितळ ओरडलं की हात थांबतो.

आता दुसरी बाई बघा. ती चंद्रपूरला एखाद्या सरकारी कचेरीत आहे. तिला बाळंतपणाची सहा महिन्यांची भरपगारी रजा मिळते. पुढे लेकराची परीक्षा असो की आजारपण, त्यासाठीही वेगळी रजा आहे. दोघींचीही लेकरं लेकरंच आहेत. मग हा फरक कुठून आला? रजा नावाची ही गोष्ट कोणी, कधी आणि कोणासाठी मागितली? आज त्याचीच गोष्ट सांगते.

तसं पाहिलं तर आपल्यात एक रजा फार जुनी आहे. सव्वा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही, शेक-शेगडी, डिंकाचे नाहीतर मेथीचे लाडू, अंगाला तेल. आपण याला सोवळं-ओवळं म्हणतो. काही अंशी ते होतंही, आणि त्यात बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवण्यासारखे अपायही होते. पण त्यातला विसावा काढून बघितला तर ती चक्क रजाच होती. फक्त तिचा खर्च माहेर उचलत असे. ज्या घरात धान्याची कणगी भरलेली, त्या घरच्या लेकीला सव्वा महिना पुरता मिळायचा. जिथे रोजच्या कमाईवर चूल पेटायची तिथे तो बाराव्या दिवशी बारशाबरोबर संपायचा. रोवण्याच्या दिवसांत बाळंत झालेल्या कितीतरी आज्या आपल्याला सांगतील की आठ-दहा दिवसांत त्या चिखलात उभ्या होत्या. परंपरा सगळ्यांना सारखी नव्हती, हे आधी मान्य करून पुढे जाऊ.

खरी गोष्ट सुरू होते मुंबईच्या गिरणगावात. परळ, लालबाग, भायखळा या भागांतल्या कापडगिरण्यांमध्ये 1920 च्या दशकात ढोबळ मानाने पाच कामगारांत एक बाई होती. कोकणातून, घाटावरून आलेल्या या बाया बहुतेक वाइंडिंग आणि रिळाच्या खात्यांत काम करत. गावी शेतात काम करताना बाई बांधावर बसून लेकराला पाजू तरी शकते. गिरणीत भोंगा वाजला की फाटक बंद. चाळीतली खोली एक, माणसं आठ, आणि सासू गावाकडे. मग तान्हं लेकरू कोणी बघायचं?

मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या एका बाई डॉक्टरला या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. त्यांचा अहवाल 1922 मध्ये मुंबईच्या लेबर गॅझेटमध्ये छापून आला. त्यात जे होतं ते वाचून आजही पोटात गोळा येतो. कामावर जाताना आया लेकरांना अफूची गोळी देत. बाजारात ती बाळगोळी म्हणून मिळायची. गोळी दिली की लेकरू दिवसभर गुंगीत पडून राहायचं, रडायचं नाही, दूध मागायचं नाही. डॉ. बार्न्स यांनी लिहिलं की कामगार बायांच्या जवळजवळ सगळ्याच तान्ह्यांना ही अफू दिली जात होती. काही गिरण्यांनी पाळणाघरं उघडली, पण ती फार थोडी.

या आयांना निष्ठुर म्हणणारे लोक तेव्हाही होते. मला त्यांच्यापेक्षा त्या गोळीचं गणित महत्त्वाचं वाटतं. लेकराजवळ बसलं तर रोजी पडते, रोजी पडली तर आईच्या पोटात अन्न नाही, आणि आईच्या पोटात अन्न नाही तर अंगावर दूध नाही. या फेऱ्यातून सुटायची वाट कोणी दाखवली नव्हती, म्हणून बाया अफूकडे गेल्या.

बाहेरच्या जगात वाट निघू लागली होती. 1919 मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची पहिली परिषद भरली. कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे रजा मिळावी, आणि त्या काळात तिच्या आणि लेकराच्या पोटापाण्याची सोय व्हावी, असा करार तिथे झाला. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही.

मग मुंबई कायदे कौन्सिलमध्ये आर. एस. आसवले या कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या सभासदांनी बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आणलं. त्यावर 28 जुलै 1928 रोजी चर्चा झाली. तो काळ ध्यानात घ्या. एप्रिलपासून मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप चालू होता, तो ऑक्टोबरपर्यंत चालला. चाळीचाळीतून उपासमार होती. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बाया गिरणीतल्या स्त्रियांना संघटित करत होत्या. अशा दिवसांत कौन्सिलमध्ये प्रश्न निघाला की बाळंतपणाचे पैसे द्यायचे कोणी.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं, की हा बोजा मालकावर का टाकता? मूल काय मालकासाठी होतं? आणि मुंबई इलाख्यातल्या मालकांनीच का सोसायचं, बाकी प्रांत मोकळे असताना? या विधेयकाच्या बाजूने जे उभे राहिले त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, तेव्हा कौन्सिलचे नामनियुक्त सभासद. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. लोकांचं कल्याण पाहणं हे मुळात सरकारचं काम, म्हणून खर्चाचा भार सरकारनेच उचलायला हवा, हे त्यांनी कबूल केलं. इतर देशांत सरकारं काही भार सोसतातच, तेही सांगितलं. पण सरकार तो घेत नाही म्हणून मालक सुटत नाही. मालक बायांना कामावर घेतो ते त्यात त्याचा फायदा आहे म्हणून. फायदा घेणाऱ्याने त्याचा काही वाटा द्यायला हवा.

हा मुद्दा मी मुद्दाम सावकाश सांगितला. कारण आज जवळपास शंभर वर्षांनंतरही भांडण याच जागी अडलेलं आहे. पैसे कोणी द्यायचे? बाळंतपणाला बाईचा खाजगी मामला म्हटलं की प्रश्न मिटतो, म्हणजे ज्यांना पैसे द्यायचे नाहीत त्यांच्यापुरता मिटतो.

1929 मध्ये मुंबईचा कायदा झाला. हिंदुस्थानातला या विषयावरचा तो पहिला कायदा. दिवसाला आठ आणे, तेही सात आठवड्यांपर्यंत. बाळंतपणाआधीचे तीन आणि नंतरचे चार. आज हसू येईल, पण त्यामागे किती भांडण होतं ते आपण पाहिलं.

आणि आपला चांदा जिल्हा? आपण तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतो. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होतो. मुंबईचं बघून मध्य प्रांताने पुढच्याच वर्षी, 1930 मध्ये, आपला कायदा केला. म्हणजे देशात मुंबईपाठोपाठ ज्या मुलखाला हा हक्क मिळाला त्यात आपला चांदा होता. आपल्या शाळांतून हे कोणी सांगत नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, एवढी गोष्ट आपल्या आज्यांना कोणी सांगितली असती तर! पण सांगून उपयोग थोड्यांनाच होता. कायदा कारखान्यातल्या बाईसाठी होता. धानाच्या बांधीतल्या, मोहफुलं वेचणाऱ्या, तेंदू तोडणाऱ्या बाईला कारखाना कुठला?

चांद्यात बाया जिथे नोकरीला होत्या ती जागा म्हणजे कोळशाच्या खाणी. खाणींचा कायदा वेगळा, 1941 चा. नंतर डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले आणि 1943 मध्ये या खाण-प्रसूती कायद्यातली दुरुस्ती त्यांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडली. कौन्सिलमध्ये ज्याने बाजू मांडली तोच माणूस पंधरा वर्षांनी कायदा दुरुस्त करायच्या खुर्चीत बसला होता. याच काळात एक उलटी गोष्टही झाली. बायांना जमिनीखाली कामाला उतरवायची बंदी होती. लढाईमुळे कोळसा कमी पडू लागला तेव्हा 1943 मध्ये ती उठवली, आणि मध्य प्रांताच्या खाणींतही बाया पुन्हा खाली उतरल्या. 1946 मध्ये बंदी परत आली. जमिनीखाली उतरणाऱ्या या बायांसाठी 1945 मध्ये बाळंतपणाच्या लाभाची वेगळी तरतूद करावी लागली.

कायद्याने बायांचं भलं झालं, एवढ्यावर गोष्ट थांबवली तर ती अर्धी राहील. मालकांनीही वाट काढली. गरोदरपण दिसू लागलं की बाईला कामावरून कमी करायचं, म्हणजे पैसे द्यायला नकोत. सरकारने 1944 मध्ये द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली, तिच्यापुढेही हे प्रकार आले. मुंबईच्या गिरण्यांत बायांची संख्या तर दशकामागून दशक घटत गेली. त्याला यंत्रं, रात्रपाळी, पुरुषांच्या संघटनांचं दुर्लक्ष अशी बरीच कारणं होती, सगळा दोष या कायद्यावर टाकणं चुकीचं. पण बाई महाग पडते हे वाक्य मालकाच्या तोंडी तेव्हापासून बसलं ते आजही आहे. म्हणूनच खर्च एकट्या मालकाच्या गळ्यात न टाकता सरकारने वाटा उचलावा, हा 1928 मधला मुद्दा मला फार दूरचा वाटतो.

पुढचं भराभर सांगते. स्वातंत्र्यानंतर 1961 मध्ये सगळ्या देशासाठी एक प्रसूती लाभ कायदा झाला, बारा आठवड्यांचा. 2017 मध्ये तो वाढून पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाले, तिसऱ्यासाठी मात्र बाराच. तीन महिन्यांच्या आतलं मूल दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवडे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघर हवं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजायला कामाच्या वेळेत दोनदा सुट्टी. आणि एक फार मोलाचा निकाल 2000 सालचा. दिल्ली महानगरपालिकेत रस्त्यावर माती-खडी टाकणाऱ्या रोजंदारीच्या बायांनी रजा मागितली. पालिका म्हणाली, तुम्ही कायम नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हजेरीपटावरच्या रोजंदार बाईलाही प्रसूती लाभ मिळालाच पाहिजे. तारीख होती 8 मार्च. मला तो योगायोग आवडतो.

आता बाळंतपणाच्या पुढचं. मूल काय सहा महिन्यांत वाढून मोठं होतं? केंद्र सरकारने सप्टेंबर 2008 पासून आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा दिली. दोन मुलांसाठी सगळ्या नोकरीत मिळून 730 दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. महाराष्ट्र सरकारने जुलै 2018 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना 180 दिवस दिले, एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. यातली एक बारीक गोष्ट बघा. महाराष्ट्रात ही रजा पुरुषालाही मिळू शकते. कोणत्या पुरुषाला? ज्याची बायको वारली आहे किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे. म्हणजे बापाने लेकराजवळ राहायचं तर आधी आईचं काहीतरी वाईट व्हायला हवं. कायदा लिहिणाऱ्याच्या मनात हे असं नसेलही, पण कागदावर तसं उतरलं आहे.

बापाच्या रजेची गोष्ट निघाली म्हणून सांगते. 1976 मध्ये सुनील गावसकर भारतीय संघाबरोबर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते, तेव्हा इकडे त्यांचा मुलगा रोहन जन्मला. तिथून संघ परस्पर वेस्ट इंडीजला गेला. गावसकरांनी मुलाचं तोंड पाहिलं ते दोन-अडीच महिन्यांनी. तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. 2020 च्या डिसेंबरात कर्णधार विराट कोहली ऑस्ट्रेलियातला दौरा अर्धा सोडून बायकोच्या बाळंतपणासाठी परत आला, तर चहाच्या टपरीवरसुद्धा लोक दोन्ही बाजूंनी भांडले. चव्वेचाळीस वर्षांत एवढा बदल. स्वीडनमध्ये 1974 पासूनच ही रजा आई-बाप दोघांच्या नावाची आहे, त्यांनी आपसात वाटून घ्यायची. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला पंधरा दिवस. खाजगी नोकरीतल्या बापाला मालकाची मर्जी.

परत मोहर्लीला येऊ. गावात आता तेंदू आणि धान एवढंच काम राहिलेलं नाही. ताडोबाच्या फाटकावर आपल्याच गावांतल्या बाया गाइड आहेत. पर्यटकांना पायाचे ठसे दाखवतात, पक्ष्यांची नावं सांगतात. काही बाया जिप्सी चालवायला शिकल्या. रिसॉर्टमध्ये स्वयंपाक, साफसफाई, कपडे धुणं हेही बहुतेक बायाच करतात. पण गाइडला पैसा फेरीचा. नंबर लागला, फेरी झाली, तर हातात रक्कम. महिन्याचा पगार नाही, तर भरपगारी रजा कशाची? एका गाइड मैत्रिणीला मी विचारलं, तुझ्या बाळंतपणात किती दिवस घरी होतीस? ती हसून म्हणाली, "बाई, माझं लेकरू जुलैत झालं. पावसानेच सुट्टी दिली." जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा गाभा पर्यटकांना बंद असतो, ते ती सांगत होती. तिच्या जावेचं लेकरू डिसेंबरात झालं, ऐन गर्दीच्या दिवसांत. तिला कोणी सुट्टी दिली नाही.

अशा बायांसाठी सरकारने रजेऐवजी रोख रकमेचा रस्ता धरला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये द्यायचं लिहिलं आहे. 2017 पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार मिळतात. दुसरी मुलगी झाली तर आता सहा हजार. जरा हिशेब करू. नोकरीतल्या बाईचे सव्वीस आठवडे म्हणजे 182 दिवस. पाच हजाराला 182 ने भागा. दिवसाला सत्तावीस रुपये आणि काही पैसे येतात. एवढ्यात तेंदूची रोजी भरून निघत नाही, हे आपल्यातल्या कोणालाही कळतं.

आणि तरी याच सरकारी कागदांत एक शब्द आहे, तो मला फार आवडतो: बुडीत मजुरी. लेकरू अतिकुपोषित असलं की त्याला आईसोबत दवाखान्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवतात. तेवढे दिवस आईची जी रोजी पडते ती तिला भरून द्यायची, तिचं नाव बुडीत मजुरी. गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यांत माहेरघरं आहेत. लांबच्या पाड्यावरची बाई दिवस भरत आले की प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या या घरात येऊन राहते. माहेर हा शब्द सरकारने योजनेला दिला तेव्हा कोणाला तरी जुना सव्वा महिना आठवला असणार. लेकराजवळ बसलेल्या मजूर आईची मजुरी बुडते आणि ती भरून द्यायला हवी, हे या एका शब्दात सरकारने मान्य केलेलं आहे. फक्त त्यासाठी लेकरू आधी अतिकुपोषित व्हावं लागतं.

आणखी एक सांगते आणि थांबते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आदिवासी लेकरांसाठी काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. आया कामाला जातात, मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपल्या गावातली अंगणवाडी त्याच विचारातून आली. आईला घरी बसवता येत नसेल तर कामाच्या जागेजवळ लेकराला सावली, पाणी आणि एक माणूस द्या, हा तो विचार. रोजगार हमीच्या कामाला तो नियम म्हणून लागू आहे. कामावरच्या बायांसोबत पाच किंवा जास्त लहान लेकरं असतील, तर त्यांना सांभाळायला त्यांच्यातलीच एक बाई नेमायची आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यायची. तिचं नाव हजेरीपटावर असायला हवं.

येत्या उन्हाळ्यात आपल्या गावात तळ्याचं किंवा बांधाचं काम निघालं की हजेरीपट मागून बघा. लेकरं मोजा. पाच भरली तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, सांभाळणारी कोण नेमली?